ताबा सुटण्याआधी तो किती तास जागा होता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात तिसऱ्या पानावर एक छोटी बातमी होती. पहाटे चारच्या सुमारास मालट्रक दुभाजकावर चढून उलटला, चालक जागीच ठार. शेवटचं वाक्य नेहमीचंच : 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाल्याचे सांगण्यात आले.' धाब्यावर चहा पिताना मी ती बातमी वाचली, कात्रण काढून खिशात ठेवलं आणि गाडीत बसल्यावर पुन्हा वाचलं. हे वाक्य मी २७ वर्षं वाचत आलोय. एकदा ते माझ्या स्वतःच्या पंचनाम्यातही लिहिलं गेलं. म्हणून हे पत्र.

वाक्यात खोटं काही नाही. ताबा सुटतोच. पण तो सुटायच्या आधी तो माणूस किती तास जागा होता, शेवटचा आडवा कधी आणि कुठे झाला होता, गाडीत दुसरा ड्रायव्हर होता का, माल कधी पोचवायचा म्हणून त्याला बजावलं होतं, यातलं काही त्या बातमीत नव्हतं. गाडीचा नंबर होता, मालकाचं गाव होतं, वाहतूक किती तास खोळंबली तेही होतं. माझी विनंती एवढीच की आपल्या वार्ताहरांनी यापुढे हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळालं तर छापावं. विचारल्यावर काय काय बाहेर येईल, ते मी माझ्याच अनुभवावरून लिहितो.

मी निफाड तालुक्यातला. घरची तीन एकर आणि भाऊ चार. १९९८ साली किन्नर म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून गाडीवर चढलो, चार वर्षांनी हेवी लायसन्स हातात आलं. सुरुवातीला टोमॅटो आणि द्राक्षं घेऊन दिल्लीची लाइन केली, नंतर कायमची कोलकात्याची. आज बारा चाकी चालवतो. पिंपळगाव नाहीतर लासलगावला कांदा भरायचा, साधारण २४ टन. मग चांदवड, राहूड घाट, मालेगाव, धुळे. धुळ्याला आग्रा रोड सोडला की ५३ नंबरचा महामार्ग लागतो. जुने ड्रायव्हर त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, देवरी. तिथे महाराष्ट्र संपतो. पुढे राजनांदगाव, रायपूर, सराईपाली, संबलपूर, ओडिशातलं देवगड, केंदुझर, बांगरीपोसीचा घाट, बहरागोडा, खरगपूर. सगळं मिळून १८०० किलोमीटरच्या वर. बांगरीपोसीच्या घाटात द्वारसुणी देवीचं ठाणं आहे. गाडीवाले तिथे थांबून हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत, मीही जात नाही. येताना रायपूरचं लोखंड भरायचं, नाहीतर जे भाडं मिळेल ते.

आता २०१३ च्या डिसेंबरचं सांगतो. त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे कांदा फार चढला होता आणि लाल कांदा बाजारात आल्यावर भाव रोज उतरत होता. व्यापाऱ्याला घाई होती, आणि ती खोटी नव्हती. गाडी एक दिवस उशिरा पोचली तर त्याचं खरंच नुकसान होतं. मंगळवारी सकाळी आठला मी गाडी नंबराला लावली. दिवसभर गोण्या चढत होत्या. त्या मोजायच्या, थप्पी नीट लागते का ते बघायचं, संध्याकाळी ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे. रात्री आठला निघालो. मालक म्हणाला, "शनिवारी पहाटे गाडी खाली व्हायला लागली पाहिजे." धुळ्याला रात्रीचे बारा. अकोल्याला दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा, कारण तेव्हा तो रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता. नागपूरच्या बाहेर संध्याकाळचे सात. तिथे चार तास झोपलो. गुरुवारी सकाळी आठला रायपूर. मागचं एक टायर गेलं, त्यात दोन तास मोडले. संबलपूरला रात्रीचे आठ. जेवलो, सीटवरच तासभर डोळा लागला. मालकाचा फोन आला, उठलो आणि गाडी काढली.

मंगळवार सकाळपासून शुक्रवारच्या पहाटेपर्यंत ६७ तास होतात. त्यात झोप पाच तास.

देवगडच्या पुढे, साडेतीनच्या सुमाराला, रस्त्याच्या कडेला झाडाखाली माझी आई बसलेली दिसली. डोक्यावर पदर, समोर भाकरीचं टोपलं. ती इथे कशी आली, असा विचार मी करत होतो आणि किन्नर ओरडला. माझे डोळे तेव्हा उघडे होते की मिटलेले, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी रस्ता सोडून भात कापलेल्या शेतात उतरली, बांधावर आपटली आणि डाव्या अंगाला कलंडली. किन्नर चांदवड तालुक्यातला, १९ वर्षांचा पोरगा. त्याचा डावा हात कोपरात मोडला. गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली. शेतभर कांदा पसरला होता, पण एकानेही गोणीला हात लावला नाही, आधी त्या पोराला काचेतून बाहेर काढलं. त्यांची बोली मला येत नव्हती. एका म्हातारीने आम्हा दोघांना गरम पाणी आणि मुरमुरे आणून दिले. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पंचनाम्यात आलं : ताबा सुटला. माझ्या पगारातून आठ महिने पैसे कापले गेले. त्या पोराने गाडी सोडली, आता द्राक्षबागेत मजुरीला जातो. थंडी पडली की कोपर दुखतं म्हणतो. त्याच्या घरावरून जाताना माझा पाय जड होतो. चूक माझी होती, मी ती दुसऱ्यावर ढकलत नाही. मी थांबायला हवं होतं. पण ड्रायव्हरने 'थांबतो' म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि थांबायची सोयही कुणी ठेवली नव्हती.

हिशोब साधा आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला की ५० मीटर गेले. त्या ५० मीटरमध्ये माल आणि गाडी मिळून जवळजवळ ३५ टनांना धनी नसतो.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, तेव्हाच त्यात लिहिलं होतं : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्यासाठी फार तर १० तासांपर्यंत मुभा. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी हे सगळं नीट विचार करून लिहून ठेवलं होतं. पण तो कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आमच्याकडे मालक म्हणजे दोन गाड्या, तीन गाड्या. कित्येक मालक स्वतःच एक गाडी चालवतात. त्यांच्या दारापर्यंत तो कायदा पोचलाच नाही. माझ्या २७ वर्षांत मला कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही अधिकाऱ्याने 'किती तास चालवतोयस?' असं विचारलेलं नाही. कागद विचारले, वजन विचारलं, हे एकदाही नाही.

दुसरी एक गोष्ट वाचकांना माहीत नसेल. कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही, पण येताना मी लोखंड आणतो त्याला लागतं. त्या बिलाची मुदत सरकारने ठरवली आहे : दर २०० किलोमीटरला एक दिवस. २०२१ च्या आधी तर १०० किलोमीटरला एक दिवस होता. म्हणजे ९०० किलोमीटरच्या मालाला सरकारी कागद पाच दिवस देतो. ही मुदत कागदासाठी आहे, ड्रायव्हरसाठी नाही, हे मला कळतं. तरी मी तो कागद मालकाला दाखवतो आणि म्हणतो, यात एवढे दिवस आहेत, मग माझ्याकडे दीडच का? लोखंड काही सडत नाही. कांद्याची घाई मी समजू शकतो. उन्हाळ्यात ताडपत्रीखाली तो वाफाळतो, खालच्या थप्पीला पाणी सुटतं, वास यायला लागतो. लोखंडाच्या घाईला मात्र मला अजून कुणी कारण दिलेलं नाही.

पूर्वीचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. जकात नाके, विक्रीकराचे नाके, त्या रांगा, प्रत्येक खिडकीवर हात ओले करायचे, सगळं भोगलंय. २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले, फार बरं झालं. पुढे फास्टॅगने टोलची रांगही कमी झाली. पण त्या रांगांमध्ये आम्ही झोपायचो. चार-चार तास गाडी हलायची नाही, किन्नर जागा राहायचा, मी पडून घ्यायचो. मालकालाही माहीत असायचं की नाक्यावर वेळ जातोच. नाके गेले तेव्हा ते वाचलेले तास माझ्या झोपेला मिळाले नाहीत. ते सगळे किलोमीटरमध्ये गेले.

त्यात आता जीपीएस. गाडी थांबली की मालकाच्या मोबाइलवर ठिपका थांबतो. दहाव्या मिनिटाला फोन : "काय झालं? का उभा आहेस?" लघवीला उतरलो तरी सांगावं लागतं. आणि किन्नर कुणाच्या गाडीवर राहिलेला नाही. नवी पोरं त्या पगारात येत नाहीत, त्यांचं बरोबरच आहे. पण त्याची जागा दुसऱ्या ड्रायव्हरने घ्यायला हवी होती, ती रिकामीच राहिली. १८०० किलोमीटर माणूस एकटा जातो. ओरडून जागं करणारं गाडीत कुणी नसतं.

थांबायचं म्हटलं तर कुठे? साध्या गाडीवाल्याला हा प्रश्न पडत नाही, तो कुठेही कडेला लावू शकतो. बारा चाकी लावायला मोठी, पक्की, उजेडाची जागा लागते. धाब्यावर जागा मिळते, पण जेवलो नाही तर धाबेवाला उठवतो. पेट्रोल पंपावर डिझेल भरलं असेल तर तासभर चालवून घेतात. सुनसान जागी लावली की डिझेल चोरीला जातं. मी एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे झोपलो आणि उठलो तर १५० लिटर टाकीतून गेलं होतं. ते पैसे कुणी भरले, ते सांगायला नको. म्हणून ड्रायव्हर झोपायचं टाळतात आणि गाडी रेटतात. नाहीतर हायवेच्या कडेलाच, पांढऱ्या पट्टीला चिकटून लावतात, आणि मग मागून मोटारसायकलवाला येऊन धडकतो. हे चूक आहे, आम्ही करतो, आणि त्यात माणसं मरतात.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. त्यावरून मी चार-पाच भाडी नेली. रस्ता सुंदर आहे. पण सरळ आणि गुळगुळीत रस्ता झोपेला जवळचा असतो. घाटात कधी डुलकी लागत नाही, कारण हात-पाय-डोळे सगळ्यांना काम असतं. सरळ रस्त्यावर इंजिनाचा एकसुरी आवाज आणि धावणारी पांढरी पट्टी, एवढंच. असा रस्ता बांधताना ड्रायव्हरच्या झोपण्याची जागा डांबराइतकीच आधी बांधायला हवी, असं माझं मत आहे.

आणि खाली करण्याच्या ठिकाणचं काय सांगू. तीन दिवस मरमर करून गाडी पोचवायची आणि तिथे गेल्यावर कळतं, आज नंबर लागणार नाही. कोलकात्याजवळ एका आडतीवर मी अडीच दिवस उभा होतो. अडीच दिवस! ज्या घाईपायी मी वाटेत झोपलो नव्हतो, ती घाई त्या दारात संपली होती. तिथे संडास नाही, अंघोळीला पाणी नाही, गाडी सोडून जाता येत नाही कारण केव्हाही हाक मारतील. वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, मात्र आमच्याकडूनच घेतात. वर हमालांशी, मुनिमाशी वाद नको म्हणून गप्प बसायचं. गाडी भरणाऱ्याने आणि उतरवून घेणाऱ्याने सकाळी एक फोन केला असता, तर मी संबलपूरला रात्रभर झोपून, आरामात गेलो असतो.

माझ्या बहिणीचा मुलगा २३ वर्षांचा आहे. त्याने हेवी लायसन्स काढलंय. बहीण म्हणते, "दादा, तूच समजाव त्याला." मी त्याला 'जाऊ नको' म्हणत नाही. या धंद्यावर माझ्या दोन मुलींची शिक्षणं झाली. पण मी त्याला काही गोष्टी सांगतो, त्या इथेही लिहितो, कारण आपलं दैनिक धाब्याधाब्यावर वाचलं जातं.

रात्री दोन ते पहाटे पाच गाडी चालवू नकोस, कितीही ताजा वाटलास तरी. ती वेळ शरीराची झोपायची आहे, ते ऐकत नाही. संध्याकाळी लवकर जेव, नऊला पड, पहाटे उठून निघ. तेवढेच किलोमीटर होतात. जांभया आल्या, पापणी जड झाली, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, की समज तू झोपायला लागलास. मग खिडकी उघडून, गाणी मोठी लावून, तोंडावर पाणी मारून काही होत नाही. चहाने अर्धा तास पुढे ढकलतं, एवढंच. पंपावर गाडी लाव, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लाव आणि पड. वीस मिनिटांत माणूस निम्मा सावरतो. उठल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नकोस, आधी गाडीभोवती एक फेरी मार, टायर बघ, ताडपत्रीचे दोर बघ. जागं राहायच्या गोळ्या, अफू, डोडा (अफूच्या बोंडाचा भुगा) असलं कुणी हातावर ठेवलं तर त्या माणसासोबत बसू नकोस. मी त्याने संपलेली चांगली माणसं पाहिलीत.

मे महिन्यात सावलीसाठी गाडीखाली कधीही झोपायचं नाही. चाकाला दगड लावला असला तरी नाही. किन्नर लोक असेच गेलेत. ड्रायव्हरने न बघता गाडी पुढे घेतली. २०२५ पासून नव्या गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. मी चालवतो ती गाडी जुनी. नागपूरच्या उन्हात इंजिनाची धग पायाला लागते, दुपारी झोप येत नाही आणि तीच झोप रात्री उभी राहते.

घाटाचं तर पुन्हा पुन्हा सांगतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं की ब्रेकचे लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. बरेचदा तो वरून खालपर्यंत जाळत आणलेला असतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं म्हणजे जीव गहाण टाकणं. इंजिनाची जी धर असते ती जाते. आणि इंजिनच बंद केलं तर हवा भरायची थांबते, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंग दगडासारखं होतं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एका अवजड गाडीने खाली येता येता गाड्यांची रांगच चेपली. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर असाच महामार्गावरून हॉटेलात घुसला. बिजासन घाट उतरून मी त्या जागेवरून कितीतरी वेळा गेलोय, तिथे चहा प्यायलोय. घाटाच्या तोंडाशी पाच मिनिटं थांब. हवेचा काटा बघ, टाकीतलं पाणी काढ, ब्रेक नुसता डोळ्यांनी बघू नकोस, कानाने ऐक, कुठे हवा सुसकारते का. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) असेल तर वापर. कुणी मागून हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

जादा माल भरायला 'नाही' म्हण. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, नंतर सवय होते. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. काट्याची पावती मालकाच्या मोबाइलवर पाठव आणि मगच निघ. गाडी बंद पडली तर आधी त्रिकोण घेऊन मागे शंभर पावलं चालत जा, मग जॅक काढ. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, हे आकडे दारावर आतून रंगवून घे. घाबरल्यावर पाठ असलेलं आठवत नाही.

आणि तुझ्या हातून काही झालंच तर पळून जाऊ नकोस. मला माहीत आहे, जमाव मारतो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला आम्ही देशभर गाड्या उभ्या केल्या त्या याच भीतीपोटी. पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं नवं कलम आलं होतं. सरकारने ते अजून लागू करणार नाही असं सांगितलं, म्हणून गाड्या चालू झाल्या. कलम असो नसो, जखमी माणसाला पहिला तास महत्त्वाचा असतो. थांबणं जिवावर बेतणार असेल तर गाडीतून ११२ लावून, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहा. त्या ओडिशातल्या गावात मला कुणी बोट लावलं नाही, हेही मी त्याला सांगतो. सगळीच माणसं मारायला येत नाहीत.

बाकी शरीराचं. पाणी पी. थांबावं लागतं म्हणून ड्रायव्हर पाणी पीत नाहीत. मला त्यातून दोनदा मुतखडा झाला. डोळे दरवर्षी तपासून घे. माझा चष्मा लागायला तीन वर्षं उशीर झाला होता आणि ती तीन वर्षं मी समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात हे हेडलाइटचा दोष समजत होतो. घरून निघताना भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेऊन निघ, दोन दिवस तरी धाब्याचं तेल पोटात जात नाही. रोज एका ठरलेल्या वेळी घरी फोन कर, पण गाडी उभी करून. माझी बायको रात्री नऊला वाट बघते. पहिला प्रश्न 'जेवलात का?' नसतो. 'झोपलात का?' असतो. २०१३ पासून तेच.

आता जे माझ्या आणि भाच्याच्या हातात नाही, त्याबद्दल. आमच्या नाशिक जिल्ह्यातून कांद्याच्या गाड्या देशभर जातात. व्यापाऱ्यांनी आणि हुंडेकऱ्यांनी (गाडी ठरवून देणाऱ्या दलालांनी) बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, निघायची वेळ लिहावी आणि पोचायची खरी वेळ लिहावी, झोप धरून. हजार किलोमीटरच्या वर भाडं असेल तर दोन ड्रायव्हर हवेत; दुसऱ्याचा खर्च भाड्यात धरा, गोणीमागे तो किती पडतो याचा हिशोब करून बघा. बाजार समित्यांनी आवारात गाडीवाल्यांसाठी एक खोली, चार खाटा, दोन संडास, एक नळ एवढं करावं. शेतकऱ्यासाठी निवारा असतो, तो हवाच. त्याचाच माल आम्ही नेतो. महामार्ग बांधणाऱ्यांनी दर काही अंतरावर अवजड गाड्यांसाठी उजेडाचा, राखणदार असलेला वाहनतळ द्यावा. मी त्याचे पैसे भरायला तयार आहे. १५० लिटर डिझेलपेक्षा ते स्वस्तच पडतील.

आणि आपल्याला पुन्हा तीच विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा पोलिसांना, मालकाला, सोबतच्या माणसाला एवढं विचारा : हा कधीपासून जागा होता? आकडा मिळाला तर शीर्षकात टाका.

आज संध्याकाळी गाडी भरून होईल. भाचा पहिल्यांदाच सोबत येतोय. मालकाला मी सांगितलंय की रात्री दोनच्या आत मलकापूरला गाडी उभी राहील आणि पहाटे पाचनंतर हलेल. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग 'बरं' म्हणाला.

माझं नाव कृपया छापू नये, पोटाचा प्रश्न आहे.

आपला नियमित वाचक,
एक ट्रकचालक,
ता. निफाड, जि. नाशिक